अर्थिंग

बाक तुर्भ्याच्या भंगारात मिळाला, दीडशेला.
कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेचा. खाली पांढऱ्या रंगात
'इ. ७ वी ब' आणि वर कर्कटकानं कोरलेलं
एक लांबच लांब नाव. करवत फिरल्यावर
त्यातलं 'णिता' तेवढं उरलं.
ते तसंच ठेवलंय, उजव्या कोपराखाली येतं.

जनार्दन मढवींनी लाकूड नखानं दाबून पाहिलं.
गोठिवलीत त्यांनी होड्या केल्यात, देव्हारे केलेत,
भजनी मंडळाची वीणा दोनदा सांधलीय.
"याला काय म्हणतात?"
बेस, म्हटलं. चार तारा. खालचे सूर.
"म्हणजे गाणाऱ्याच्या पायाखालचं."
मग त्यांच्याच शब्दांत कामाला लागलो:
अंग, मान, खुंट्या, घोडी.

मी वायंडिंगवाली. रबाळ्याला, सोळा वर्षं
पंपाच्या मोटारी भरते.
तांबं माझ्या बोटांना ओळखतं,
लाकूड ओळखत नाही.
पहिल्या आठवड्यात पटाशी अंगठ्यात गेली,
दुसऱ्यात मान एका अंगाला कलली
आणि मढवी म्हणाले, "अशी मान टाकून कसं चालेल?
चार तारा मिळून ऐंशी किलो ओढतात. दीड पोतं तांदूळ."

पडद्यांचा हिशेब श्रावस्तीनं केला, गणिताच्या वहीत, मागून.
उरलेल्या लांबीला सतरा पूर्णांक आठशे सतरानं भागायचं,
तेवढ्यावर खूण. पुन्हा उरलेल्याला भागायचं.
पुन्हा उरलेल्याला.
"आई, हे कधी संपतच नाही."
बरंय की. पगाराचं वीस तारखेला संपतं.
सातवा पडदा दोन मिलिमीटर चुकला.
तो चुकलेलाच आहे. तिथं बोट जरा मागे ठेवायचं
आणि कुणाला सांगायचं नाही.

कोपरखैरण्यातल्या आमच्या घराची मागची भिंत
दोन घरांत मिळून एक.
पलीकडे हळद असली की गाणं इकडे येत नाही,
शब्द येत नाहीत, बेंजो येत नाही,
फक्त ते खालचं, जे आधी भांड्यांना कळतं
आणि मग मला.
कितीतरी वर्षं मला वाटायचं, गाणं म्हणजे तेवढंच.

कॉइल मात्र माझी.
केसाहून बारीक तार, सात हजार वेढे,
चार बोल्ट, खाली मोडक्या कपाटातलं चुंबक.
साडेचार हजाराला तुटली. दुसऱ्यांदा सहा हजाराला.
तिसऱ्यांदा जेवणाच्या सुट्टीत, शेठ बाहेर गेलेले असताना.
आकडा सात हजारावर आला
तेव्हा समोरची रेहमत डबा अर्धा उघडून तशीच बसली होती.

जुन्या होम थिएटरला जोडलं
तर आधी आला तो सूर नव्हताच. घूं.
जाड, सलग, घरभर.
"ही तर नाक्यावरची डीपी," मढवी म्हणाले,
"हिच्यात कधी शिरली?"
जॅकच्या कड्यावर बोट ठेवलं, गप्प.
उचललं, घूं.
ठेवलं, गप्प.
सोळा वर्षं मीच ओरडते सगळ्यांवर:
अर्थ दिला का? आधी अर्थ द्या.
जॅकपासून घोडीपर्यंत वीतभर वायर, दोन मिनिटांचं काम.
त्या रात्री नाही केलं.
बारा वाजेपर्यंत बोट ठेवत, उचलत बसले.
एवढं मोठं काही आपल्या एका बोटाखाली गप्प बसतं
याची सवय नव्हती.

रविवारी वायर जोडली.
सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढली, सोडली.
फळीवरच्या ताटांना कळलं.
थोड्या वेळानं भिंतीवर टकटक,
पलीकडून वत्सलाबाई:
"अगं, पंप चालू राहिलाय का तुमचा?"

नाही, म्हटलं. मी आहे.

मग खुंटी थोडी पिळली. तार उतरली होती.