बिनपडद्याची

आयरीन रणभिसेंनी किंमत सांगायच्या आधी
माझे हात बघायला मागितले.
देवळाली कॅम्प, लॅम रोड, दुपार.
दिवाणावर खाकी गवसणीत
माणसाएवढं काहीतरी झोपलेलं.
"लिहितेस कुठल्या हातानं?"
डाव्या, म्हटलं.
"मग ने. उजवे चौघं येऊन गेले.
तारा उलट्या लावून घेऊ म्हणाले.
वॉल्टरला नसतं चाललं."

नाशिकरोडला बस बदलली. तिला उभी धरून आणली
पाथर्डी फाट्यापर्यंत.
कंडक्टरनं विचारलं, सतार का?
हो म्हटलं. ते सोपं होतं.

जुन्या तारा काळ्या, तेलकट. एकेक सैल करून काढली
तशी मान उघडी पडली, जावळ काढलेल्या पोरासारखी.
नव्या आणल्या त्या गुळगुळीत, चपट्या गुंडाळीच्या.
खरबरीत तार शिसवी खाते.
व्हिडिओतले सगळे उजवे,
म्हणून मोबाइल आरशासमोर ठेवला
आणि आरशातल्या माणसाचं ऐकलं:
जाड तार आधी.
खुंटीच्या पुढं चार बोटं जास्त सोड.
आधी वाकव, मग काप,
आधी कापलीस तर आतला पीळ सुटतो
आणि आवाज मरतो, तो परत येत नाही.
फेरे खाली खाली जाऊ देत, एकावर एक नकोत.
मी बॉबिन भरते तशी भरली.

लहानपणी पंगतीत मला कडेला बसवायचे,
शेजारच्याला कोपर लागतं म्हणून.
प्रसादाला उजवा पुढं कर, शेकहँडला उजवा,
कात्री उजवी, बाकाची फळी उजवी.
आता घरात एक वस्तू आहे
जी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसतच नाही.
वाजवून बघू का, म्हणत उचलतात,
उलटी-सुलटी करतात, हसतात, परत देतात.
उसनी मागायला कुणी येणार नाही.
विकायची म्हटली तर
मलाही कुणाचे तरी हात बघायला लागतील.

दिवसभर मी अंबडला व्हॉल्व्हचे पार्ट मोजते.
दहा मायक्रॉन जास्त, लाल पेटी.
दहा मायक्रॉन कमी, लाल पेटी.
आणि संध्याकाळी ही, जिच्या पट्टीवर एक रेघ नाही.
भद्रकालीत पेट्या दुरुस्त करणाऱ्या अत्तारचाचांनी
मानेवरून अंगठा फिरवला, वर, खाली, परत वर.
"पडदेच नाहीत?
मग चुकल्यावर लपायचं कुठं, बाई?"

रेघ नाही, पण दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा दिसलं:
शिसवीत बोटाएवढे उथळ खळगे.
इथं, इथं आणि इथं
वॉल्टर रणभिसे वीस वर्षं थांबत आले होते.
माझी बोटं न विचारता त्यांत गेली.
ट्यूनर लावला.
तिसरा खळगा उतरलेला.
कोमल म्हणावा इतका नाही,
केसभर. पण दर वेळी तेवढाच केसभर,
त्याच जागी.

फोन केला. कशाला केला कुणास ठाऊक,
तक्रार करायची असल्यासारखा.
आयरीनबाई हसल्या.
"तोफखान्यात होता ना तो. एक कान गेलेला.
चर्चमध्ये मी शेजारी उभी असायचे.
त्या सुरावर आला की मीच थोडी उतरून गायचे.
बाकीचे माझ्याकडं बघायचे."
मग म्हणाल्या, "तारा नीट बसल्या का?"

बसल्या.
थंडीनं लाकूड आखडलंय, दर दोन दिवसांनी जुळवावी लागते.
बोटांची सालं निघतात, सकाळी मायक्रोमीटर धरताना झोंबतं.
रात्री नऊला मी तिसऱ्या खळग्यात बोट ठेवते,
आधी त्यांच्या जागी,
मग हळूच वर सरकवत आणते
जिथं ट्यूनरचा दिवा हिरवा होतो,
आणि कधीकधी आणतच नाही.

खालचे चव्हाणके जिन्यातून ओरडतात,
पाण्याची मोटर चालू राहिली का कुणाची?
मग चपला घालून
बघायला जातात.