भरलेली बाटली

एप्रिलचा मैना. मानेवाड्याची आमची शाळा,
पत्र्याखाली सातवी ब.
मी कूलरमधे पानी ओतते, घंटा देते, संडास पुसते.
हजेरीच्या वहीत माझं काही काम नाई.

पन बाटल्या दिसते मले.
बाकीचे पोट्टे तीनदा-चारदा येते नळावर,
ढकलाढकली, कॉलरी ओल्या.
नयन मडावीची बाटली
सकाळी भरलेली, मधल्या सुटीत भरलेली,
घरी जातानी बी भरलेली.
बाहेर डांबर चपलेले चिकटते
अन् हा एक घोट घेत नाई.

ठवरे सर म्हनते, गुनी पोट्टा, आवाज नाई त्याचा.
प्रगतिपुस्तकात बोकडे मॅडमनं लिहिलं: शांत, समंजस.

मले समजाले तीन दिवस लागले.
पानी पेलं का जा लागते.
जा लागते तिकडे, मागच्या बोळीत,
जिथं दाराची कडी दिवाळीपासून तुटली हाये
अन् तिघं जनं भिंतीले टेकून उभे रायते.
हसत.

एक पोरगी होती, धा वर्सांमागं.
गनिताच्या तासाआधी रोज पोट दुखे तिचं.
मीच ओवा देत होती, हातावर, मीठ घालून.
टीसी न्याले तिचा बाप आला
तवा गेटही मीच उघडलं.

म्हनून या टायमाले बादली घेतली, फिनाईल घेतलं,
सुटीची घंटा देली अन् थेट बोळीत.
तीच फरशी पुसत रायली.
"मावशी, किती पुसतं वं?"
"पाय उचल. तुया बापाची फरशी नाई."
गेले तिघं, शीळ घालत.

चौथ्या दिवशी तो आला,
भिंतीच्या कडेकडेनं, ओल्यातून पाय जपत.
मी पाठ केली त्याच्याकडे
अन् बादलीची कडी वाजवत रायली उगाच,
बाहेर कोनी हाये, एवढं त्याले ऐकू जावं.

मंग हेडमॅडमकडे गेली.
त्या म्हने, पाहिलं कोनी? तारीख? त्यानं तक्रार केली का?
मी म्हटलं, तक्रार करनारा पोट्टा पानी पेते, मॅडम.
त्या लय वेळ पंख्याकडे पाहत रायल्या.

शनिवारी दाराले कडी बसली.
तिघायचे बाप येऊन गेले, काय बोलनं झालं
ते मले कोनी सांगतलं नाई.

काल त्याच्या बाकावरची बाटली पाहिली.
दोन बोटं कमी.
पुन्हा पाहिली, उजेडात धरून.
घंटा द्याले उशीर झाला मले.