सिस्टर गेरार्ड

तो पहिल्यांदा बोलला तेव्हा मी पीठ चाळत होते.
"नर्सिंग शिकीन म्हणतो."
मला वाटलं, शेजारच्या कुणाच्या मुलीचं सांगतोय.
एकोणीस वर्षं सातशे मीटर खाली,
पेन्शनला सहा उरलेली,
आणि हात असे, की त्यानं कप धरला
तर कपाचीच काळजी वाटावी.

मी भांडले नाही. वही आणली.
डाव्या पानावर घराचा हप्ता, उर्शुलाचे दात,
आणि कोळसा (खाण फुकट द्यायची, पुढे तोही विकत).
उजव्या पानावर माझा बेकरीतला पगार,
त्याखाली नुसतं पांढरं.
"तीन वर्षं खाण सोडत नाही," तो म्हणाला.
"रात्री खाली, दिवसा वर्गात."
"आणि झोपणार कधी?"
"ट्राममध्ये."

कितीही धुतलं तरी पापण्यांच्या कडांना
कोळसा राहतोच, काजळ घातल्यासारखा.
वर्गातल्या विशीतल्या मुलींनी
हळूच विचारलं म्हणे, कुठल्या कंपनीचं.

डब्याच्या झाकणाला आतून
त्यानं हाडांची लॅटिन नावं चिकटवली.
खाली, जेवणाच्या वीस मिनिटांत,
टोपीवरच्या दिव्यात
मनगटाची आठ हाडं.
सोबतच्यांनी आधी टर उडवली,
परीक्षा आली तेव्हा तेच प्रश्न विचारायला बसले.
योआखीमला ती आठही अजून पाठ आहेत.
तो अजून कोळसाच काढतो.

कबुतरं विकणं मात्र जड गेलं.
बत्तीस होती, शर्यतीची.
ओपोलेकडच्या एका माणसानं नेली, फीचे पैसे सुटले.
चौथ्या दिवशी सात परत.
छपरावर बसून राहिली,
त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं जणू.
यानं टोपलीत भरली, पोचवून आला.
पुन्हा चार आली. पुन्हा पोचवली.
शेवटी एक राखाडी, लंगडी,
तिच्यासाठी त्या माणसाचाच फोन आला: राहू दे तुझ्याकडे.
त्या रात्री पुस्तक मिटून तो म्हणाला,
"सोडून देऊ का सगळं?"
मी म्हटलं, "सोडलंच आहेस की.
आता सोडायला राहिलंय काय?"

वॉर्डात त्याची वरिष्ठ चोवीस वर्षांची.
"चादरीचे कोपरे परत घाला."
यानं चारदा घातले.
घरी येऊन एकदाच, तेही सुपाच्या वाडग्याला, सांगितलं,
"खाली मी बारा जणांचा मुकादम होतो."
वाडग्यानं ऐकून घेतलं. मीही.

म्हाताऱ्या बायका सवयीनं हाक मारतात: "सिस्टर!"
पहिला महिना तो वळायचाच नाही.
आता म्हणतो, "आलो."

पगार खाणीपेक्षा कमीच आहे.
वहीत पांढरं आहे अजून,
पण आता त्याच्याकडे बघत
रात्र काढावी लागत नाही.

गेल्या डिसेंबरात अलोइझ नावाचा म्हातारा आला.
गेरार्डनं त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला
आणि तसाच थांबला.
ती बारीक करकर त्याच्या ओळखीची होती.
दगड सुटण्याआधी छत असंच बोलतं.
खाली असता तर ओरडला असता, मागे व्हा.
इथे कुणाला मागे घ्यायचं?
त्यानं आणखी एक उशी लावली,
डॉक्टरला बोलावलं,
पाणी कोमट करून आणलं,
आणि पाळी संपली तरी खुर्ची ओढून बसला.

"कुठल्या खाणीतला रे तू?" अलोइझनं विचारलं.
यानं तर काही सांगितलं नव्हतं.
"पापण्या," म्हातारा म्हणाला आणि खोकला.

खाण सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती.
घरी येऊन तो बराच वेळ आरशापुढे उभा.
मीही जवळ जाऊन पाहिलं, दिवा लावून.
मला काही दिसलं नाही.
पण मी कुठे कधी खाली गेलेय.