चक्कुबंदी

इराप्पा हलगेकरानं स्कूटर किंजळीला टेकवली
आणि हात पसरून म्हणाला,
"साहेब, हवा फुकट, झाडं फुकट.
पैसे फक्त मातीचे."

मी साहेब नव्हे.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
कास्टिंग घासलं, कानात कापूस कोंबून.
डाव्या कानात तेव्हाच एक किडा शिरला,
त्यानं रविवारीसुद्धा कधी खाडा केला नाही.
डॉक्टर म्हणाले, शांत जागी राहा.
शांत जागेचा भाव त्यांनी सांगितला नाही.

जांबोटीच्या पुढं, डांबर सोडून चार किलोमीटर आत
वीस गुंठे.
शेवटचे दोन किलोमीटर रस्ता नाही,
रस्ता व्हावा अशी इच्छा आहे फक्त,
आणि इराप्पा ती वीस वर्षं विकतोय.
तरी पटलं.
एवढ्या पैशात बेळगावात
मोटार उभी करायला जागा मिळत नाही,
आणि माझ्याकडं मोटार नाही.

खानापूरच्या कचेरीत कागद कन्नडात.
कन्नड मी भट्टीपुढं शिकलो,
आधी शिव्या, मग अक्षरं.
बाँड रायटर चष्मा सावरत चक्कुबंदी वाचत गेला:
पूर्वक्के अरण्य.
पश्चिमक्के हळ्ळ.
दक्षिणक्के दारी.
म्हणजे रान, ओढा, पायवाट.
उत्तरेला सटूबाई गावकर, ती स्वतःच,
घराखालचा तुकडा राखून बाकीचं विकणारी.
खाली माझं नाव, त्या वळणदार लिपीत,
थोडं गोल, थोडं जाड,
रिटायर झाल्यावर माणूस दिसतो तसं.

सटूबाईनं अंगठा उठवला, शाई पदराला पुसली.
"म्हातारपणाला इथं येतासा?
आमची पोरं तरणी हुतीत तवाच गेलीत गोव्याला."
हसली. मग एकदम आठवल्यासारखं,
"आणि त्यो फणस. त्यो लिवलाय काय कागदात?"
लिहिलाय, म्हटलं. झाडांसहित.
"लिवू दे की. पर त्यो माझा न्हवता
आणि तुमचाबी न्हवं. अस्वलाचा हाय.
पिकला की दोन दिस तिकडं जाऊ नका."

बाँड रायटरनं पेन खिशाला लावलं.
अस्वलाचा रकाना कागदात नव्हता.

पुण्याहून मुलीचा फोन. रेंज फक्त एका दगडावर,
आणि तोही बहुधा सटूबाईच्या हद्दीत.
"बाबा, दवाखाना किती लांब?"
पस्तीस किलोमीटर.
"आणि पुलावर पाणी आलं तर?"
मी दगडावरून खाली उतरलो.
फोन आपोआप कटला.

सुगंधाला काहीच पटलं नव्हतं.
गुडघेदुखीचं मलम, केसरीचा शिरा, पिंपातलं पाणी
घेऊन ती आली, पाहुणीसारखी
खुर्चीच्या कडेवर बसली.
पत्र्याचं छप्पर, एक बल्ब, तोही जातायेता.
सीमेचे दगड मोजले तर तीनच सापडले,
चौथा रानात कुठंतरी पुढं सरकलाय
किंवा रान अलीकडं आलंय.
त्याच्यावरून आम्ही थोडं भांडलो.

मग दिवस मावळला
आणि झाडाझाडातून सगळे किडे एकदम सुटले,
एकसुरी, बारीक, दातात कळ यावी असे.
तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.
"अगंबाई, काय हे! थांबत नाही का कधी?"

मी तिच्याकडं बघत राहिलो.
उजवा कान बोटानं दाबला, तसंच.
सोडला, तसंच.
आतला कुठला, बाहेरचा कुठला, कळेना.
एकतीस वर्षं मी हिला सांगत होतो, असं असं वाजतं,
आणि ही म्हणायची, टीव्हीचा आवाज कमी करा.

"हेच," मी म्हटलं.
"हे?"
"हेच."
तिनं हात काढले. बराच वेळ नुसती ऐकत होती,
डोकं जरासं डावीकडं कलतं करून.

सकाळी ओढ्याच्या अंगाला
गव्याचे खूर उमटलेले, ओले,
पूर्वेकडून आलेले, आमच्या दारावरून,
पश्चिमक्के हळ्ळ.
तारेचं कुंपण घालायचं तर माप बदलावं लागेल.
इराप्पाला विचारायला हवं.
दगडावर जाऊन.