वीस तेत्रीचं नाणं

आमच्या कुताइसीच्या इमारतीत लिफ्ट फुकट वर नेत नाही.
डबीत वीस तेत्री टाका, मग ती खोकते, मग निघते.
आई म्हणते, "या इमारतीत हीच एक बाई शहाणी,
मोल घेतल्याशिवाय कुणाला वाहून नेत नाही."

सकाळी मी केस धुऊन निघाले
की आई दारात आडवी.
"ओल्या केसांनी? नोव्हेंबरात?"
"आई, मी डॉक्टर आहे."
"दातांची. दात कधी सर्दीने मेलेत?"
याला उत्तर नसतं. मी कानटोपी घालते,
पाचव्या मजल्यावर काढते.
आईला तेही कळतं,
कारण पाचव्या मजल्यावर गुलिको राहते.

दुपारी व्हिडिओवर फोन.
पडद्यावर आईचं कपाळ,
आणि कपाळाच्या वर पुष्कळशी भिंत.
"राजम्यात मीठ जास्त झालंय."
"पाणी घाल."
"घातलं. आता पाणी जास्त झालंय."
"मग आणखी राजमा घाल."
"घातला. आता येताना चार माणसं घेऊन ये.
चार नाही मिळाली तर एकच आण,
पण उंच आण. पडदे काढायचेत."

मी चौतीस वर्षांची.
लोकांना सांगताना ती एकतीस सांगते.
"वरची तीन कुठे गेली?"
"तुझ्या परीक्षांत. ती मी धरत नाही."

तिच्या खिशात नाणी का खुळखुळतात
ते मला उशिरा कळलं.
संध्याकाळी ती खाली स्टुलावर बसते, अक्रोड फोडत.
ज्याच्याकडे सुटे नाहीत त्याला नाणं देते
आणि त्याच्यासोबत आत शिरते.
"आई, हा काय धंदा?"
"व्याज घेते का मी? सहा मजले तर आहेत.
दुसऱ्यापर्यंत माणूस हवेचं बोलतो,
चौथ्यापर्यंत सुनेचं.
खरं काय ते सहाव्यावर, दार उघडता उघडता."

काल माझ्याकडेच सुटे नव्हते.
तिने नाणं टाकलं, दाराला पाठ लावून उभी राहिली.
"थंडी वाढलीये," मी म्हटलं.
"वाढू दे. डाळिंबं कोण पाठवतो?"
"पेशंट आहे."
"एका दाढेला तीन पेट्या?"

आणि गचकन वीज गेली.
चौथा सुटलेला, पाचवा आलेला नाही.
वर गुलिकोचा टीव्हीसुद्धा गप्प.
मी बटणं चाचपत होते.
आई मात्र खाली बसली असावी,
आवाज गुडघ्यापाशी आला.

"अंधार आहे तोवर एक सांगून टाकते.
मंगळवारी मी गाडीच्या परीक्षेत नापास झाले.
चौथ्यांदा."
"आई! तू सदुसष्ट वर्षांची!"
"चौसष्ट. तुझ्या परीक्षा मीही दिल्यात."
"अगं, आपल्याकडे गाडीच नाहीये!"
"म्हणून तर घाई केली नाही.
आणि हे कुणाला बोलू नकोस.
माझ्या मुलीला तर मुळीच नको.
केस ओले ठेवून हिंडते, आणि काळजी माझी करते."

मला हसू आवरेना. लिफ्टही थोडी हलली.
"बरं, शिकवतो कोण तुला?"

बराच वेळ काही नाही.
मग मुठीत दोन अक्रोड एकमेकांवर फुटल्याचा आवाज.

"ते सहाव्या मजल्याचं आहे," आई म्हणाली.
"आपण अजून चौथ्यावर आहोत."