मोजणी

चाव्या करणाऱ्याच्या टपरीला खेटून एक फट आहे.
फट म्हणजे फटच,
मोटारसायकल आडवी लावली की बंद होणारी.
आत अंधार, विजेचे सात मीटर,
घरदेवतेच्या लाल दिव्यापुढं तीन केळी, एक उदबत्ती,
आणि एक जिना, जो आधी डावीकडे जातो
मग विचार बदलतो.

पायऱ्या मोजत चढलो. एकतीस.
कामच आहे माझं ते.
गळ्यात कंपनीचं यंत्र: बटण दाबलं
की लाल ठिपका समोरच्या भिंतीवर जाऊन बसतो
आणि अंतर सांगतो, सेंटीमीटरपर्यंत.

पाटी कुठंच नाही.
वरच्या पायरीवर चपलांचा ढीग, तीच पाटी.
पाच टेबलं, पत्र्याचं छप्पर,
कठड्यापलीकडे तोनले साप, दुपारची, मळकट.
नदी उलटी फिरायला अजून चार महिने होते.

"जेवलास का?" मिंग सारोमनं विचारलं.
आमच्याकडे नमस्काराच्या जागी हेच विचारतात
आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही.
ती थांबली.

म्हटलं, मोजणीला आलोय.
म्हणाली, कळलं ते. आधी दोघं येऊन गेले.
त्यातला एक अजून येतो,
मंगळवारी, जेवायला.

पिसेतनं ताट मांडलं.
भाजलेला मासा, चिंचेचा कोळ,
आणि कडुलिंबाचा फुलोरा, नुसता उकळत्या पाण्यातून काढलेला,
देठांसकट, ओंजळभर.
आई गेल्यापासून चाखला नव्हता.
शहरात कडू काही मिळत नाही असं नाही,
माशाबरोबर वाढत नाहीत, इतकंच.

पहिला घास कडू. दुसराही.
तिसऱ्याला चिंच येऊन भेटते
आणि जिभेच्या मागं कुणीतरी कडी काढतं.
मग पाणी गोड लागतं.
साधं, बर्फाचं पाणी.

मग प्राहोक.
त्याचं येणं लपत नाही, दोन टेबलं आधीच कळतं.
मासळी, मीठ आणि
मडक्याचं तोंड बांधून ठेवण्याचा धीर.
मडकं ओळखलं मी. काठाला अंगठ्याचा दाब,
आमच्या कंपोंग छनांगचा.
तिकडं चाक नसतं. मडकं जागेवर,
बाईच त्याच्याभोवती फिरते, वाकून, मागं मागं सरत.
माझी आई गाव सोडून कधी कुठं गेली नाही
आणि आयुष्यभर चालत होती.

शेवटी कोरको. शब्दाचा अर्थच ढवळणं.
कच्ची पपई, भोपळा, शेवग्याचा पाला,
वरून भाजलेल्या तांदळाचं पीठ,
खमंग, किंचित करपल्यासारखं.
विचारलं, कुणाकडून शिकलात?

"मोठ्या बहिणीकडून. रात्री सांगायची, कुजबुजत.
एवढी हळद, एवढं गवती चहाचं खोड, आता ढवळ.
हातात काही नसायचं. मी ढवळायचे.
तेव्हा पेजेतले तांदूळ मोजता यायचे, बाबा.
मी मोजलेत."

एवढंच बोलली
आणि भात वाढला, मी नको म्हणायच्या आत.

जेवण झाल्यावर यंत्र काढलं. काढावंच लागतं.
ठिपका कॅलेंडरवर बसला, मग मडक्यांच्या उतरंडीवर,
मग तिच्या खांद्यावर.
ती बाजूला झाली नाही. पातेल्यात पळी फिरत होती.
भिंतीपर्यंत असायला हवे होते सात मीटर चाळीस.
यंत्र म्हणालं, दोन मीटर दहा.
तेच लिहिलं.

पैसे दिले. सुटे परत आले ते जास्त होते,
ते परत दिले, ते पुन्हा आले.

उतरताना पायऱ्या तीस भरल्या.
मधेच थांबलो, बोटांवर आठवून पाहिलं.
वरून ढवळण्याचा आवाज,
खालून कानशीचा, कुणाची तरी चावी घासली जात होती.

विजेच्या मीटरांखाली उभं राहून शेरा लिहिला:
जिन्याबाबत खात्री नाही.
फेरमोजणी आवश्यक.

पिसेत कचऱ्याची पिशवी घेऊन मागोमाग उतरला होता.
कागद वाचला नाही त्यानं, फक्त पेन पाहिलं.
"मंगळवारी गर्दी असते," म्हणाला,
"तुम्ही गुरुवारी या."