पेच

दक्षिण हंगेरीत पेच नावाचं शहर आहे,
तिथल्या शाळेची व्यायामशाळा,
जमिनीवर हँडबॉलच्या पिवळ्या रेघा.
नोव्हेंबरचा शनिवार, हीटर बंद,
चाळीस जण अनवाणी.
तळवे आधी बोंबलले, मग गप्प झाले.

केंडोचं दोन दिवसांचं शिबिर, शिकवायला
निइगाकी सेन्सेई, वय शहात्तर.
कठडा धरून जिना उतरले, एकेक पायरी,
गुडघ्याला विचारून विचारून.
शिरस्त्राणाच्या दोऱ्या बांधायला मात्र
आमच्या निम्माही वेळ लागला नाही त्यांना.

मी दातांच्या कवळ्या बनवते.
केसाएवढी चूक माझ्या बोटांना कळते.
चौथ्या डॅनला दोनदा नापास,
परीक्षक कारण सांगत नसतात.
म्हणून बुडापेश्तहून पहाटेची गाडी
आणि पाठीवर चिलखताची पिशवी,
जिला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो.

सकाळभर एकच धडा:
वार करायचा नाही.
शिनाईचं टोक समोरच्याच्या गळ्याच्या रोखानं,
अर्धं पाऊल आत,
आणि थांब.
भाषांतर करणारा विलमोश एका शब्दापाशी अडला.
'साठवा' म्हणाला, मग 'रोखून धरा',
मग वैतागून, 'दूध उतू जायच्या आधी कसं असतं, तसं.'
सेन्सेईंनी मान डोलावली. त्यांना काय कळलं कोण जाणे.

दुपारी बेंदेगूझ माझ्या वाट्याला आला,
सतरा वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच,
आरोळी अशी की छताच्या पट्टीत अडकलेला
जुना चेंडू आज पडतोय की उद्या.
तीनदा मनगटावर.
एकदा चुकून चिलखताखाली, बरगडीवर:
'माफ करा, मावशी!'
मी निघायच्या आधीच तो तिथे हजर,
जणू माझी पत्रं कुणी फोडून
त्याला वाचून दाखवत होतं.

रात्री वसतिगृहात सुई तापवून पायाचे फोड फोडले.
ओतिलियानं टाचेला चिकटपट्टी लावून दिली,
वर सॉसेजचा एक तुकडा.
म्हणाली, 'वार करायच्या आधी तू श्वास घेतेस.'
'मग काय मरू?'
हसता हसता तिच्या बरगड्या दुखल्या.
उत्तर तिनं दिलंच नाही.

रविवारी सेन्सेईंसमोर रांग.
प्रत्येकाला दोन मिनिटं.
त्यांचं टोक माझ्या टोकावर टेकलं,
रांगेत कुणी न ढकलता पुढे सरकतं ना,
तितकंच.
मी श्वास घेतला. टोक्, कपाळावर.
पुन्हा उभी राहिले. पुन्हा टोक्.
तिसऱ्यांदा मला तो दिसला,
माझाच डावा खांदा, सुताएवढा वर येणारा.
ओळखीचा होता.
नाताळला घरी येणार नाही हे वडिलांना सांगायच्या आधी
तो असाच उचलला जायचा,
आणि मी तोंड उघडायच्या आत ते म्हणायचे,
'बरं. नको येऊस.'

खांद्याला म्हटलं, बस खाली.
दम धरला.
दोघांच्या मध्ये आता काहीच नव्हतं,
हातभर हवा, आणि तीही कुणाची ते ठरलं नव्हतं.
जाळीमागचे त्यांचे डोळे हलले नाहीत,
पण ते मागे सरले.
अर्धं पाऊल. पिवळ्या रेघेच्या पलीकडे.
मी खूश झाले,
आणि टोक्.
खूश झालेलंही दिसतं, खांद्यात.

वाकून नमस्कार करताना ते काहीतरी बोलले,
लांबलचक, शेवटी हसून.
विलमोश नेमका कॉफी आणायला गेला होता.
ते वाक्य तसंच राहिलं.

परतीच्या गाडीत मनगटं निळी,
हातमोज्यांचा रंग साबणाला जुमानत नाही.
तिकीट तपासनीस म्हणाला, 'मारामारी केलीत की काय?'
उत्तर द्यायला मी
आणि डावा खांदा निघालाच होता.
पकडला.
त्यानं तिकिटाला भोक पाडलं,
क्षणभर थांबला,
माझ्या समोरच्या सीटवरची पिशवी उगाच सरळ केली
आणि पुढच्या डब्यात गेला.